सूपभर ज्वारी

पार्थचे पणजोबा धर्मराज, आजोबा भागवत, वडील मुकुंद. धर्मराजांनी घनसावंगीच्या शिवारात विहीर बांधली, भागवतरावांनी तिच्या पाण्यावर मोसंबीची बाग उभी केली आणि मुकुंदने अंबडच्या कोर्टात वकिली करून ती टिकवली. भागवतराव गेले तेव्हा बागेचा आणि घराचा कारभार माझ्या हाती आला. तो अजून माझ्याच हाती आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून म्हातारीचं डोकं फिरलं असा समज कोणी करून घेऊ नये.

माझा नातू पार्थ संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मागच्या दिवाळीत घरी आला तो परत गेलाच नाही. आधी त्याची झोप गेली, मग आंघोळ, मग बोलणं. जेवताना घास हातात धरून तो परसदाराकडे मान वळवायचा आणि वरण गार होईपर्यंत तसाच थांबायचा.

एकदा मी समोर बसून विचारलं, "काय ऐकतोस?"

"एक बाई बोलावते."

"तुला?"

"मलाच. पण नाव दुसरं घेते. चल की रं, कचरू, म्हणते. म्हणून झालं की तिला धाप लागते."

माझ्या हातातली पळी पातेल्यात तशीच राहिली. ते नाव या घरात मी सोडून कोणालाही ठाऊक नव्हतं.

मुकुंद दाराशी उभा होता. "आई, बागेवरचा संपत एका देवऋषीचं नाव सांगून राह्यला."

"मोसंबीला डिंक्या लागला की संपत कोणाला बोलावतो? औषध लावतो ना? गाडी काढ."

संभाजीनगरच्या डॉक्टर अर्पिता वयाने माझ्या नातीएवढ्या, पण बोलणं नेमकं. ही सायकोसिसची सुरुवात आहे, म्हणाल्या. लवकर आणलंत हे फार चांगलं केलंत. औषधं त्याच दिवशी सुरू झाली. मेंदूच्या रचनेवर त्यांच्याकडे एक अभ्यास चालला होता, त्यासाठी पार्थच्या संमतीने त्याचा एमआरआय काढला. पडद्यावर मेंदूच्या घड्या दिसत होत्या, सोललेल्या अक्रोडासारख्या.

"या आजाराच्या सुरुवातीला काही जणांच्या मेंदूचा बाहेरचा थर कुठे कुठे किंचित पातळ आढळतो," त्या म्हणाल्या. "पण तो फरक अनेक माणसांची सरासरी काढल्यावर कळतो. एकट्या पार्थचं चित्र पाहून त्याचं भविष्य सांगता येत नाही. तुलनेसाठी आम्ही निरोगी नातेवाइकांचेही फोटो काढतो."

"मग माझा काढा."

"आई, तुला कशाला?" मुकुंद म्हणाला.

"पोरगं ज्या बोगद्यातून गेलं तो मलाही पाहू दे."

बांगड्या, बोरमाळ, केसांतले आकडे, सगळं काढून घेतलं. तिथल्या मुलीने विचारलं, "आजी, दात खोटे आहेत का?"

"दात माझे आहेत. जीभही माझीच आहे."

आतली हवा थंड होती. डोक्याभोवती पिंजरा बसवला आणि यंत्र लोखंड कुटू लागलं. मग ते काही क्षण थांबलं. त्या शांततेत, डाव्या कानाशी, कोणी म्हणालं, "चल की रं, कचरू." आणि धाप ऐकू आली.

हातात दिलेला रबरी फुगा मी दाबला नाही. दाबला असता तर यंत्र बंद झालं असतं, आणि मला शांतता नको होती.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. एकसारखा आवाज मध्येच थांबला की माणसाला शब्द ऐकू आल्याचा भास होतो, त्या म्हणाल्या. त्यातून पार्थने सांगितलेलं तुमच्या मनात होतंच. माझा मेंदू वयाच्या मानाने उत्तम निघाला. त्यांचं म्हणणं मला पटलं. फक्त ती धाप पटली नाही.

घरी येऊन मी मुकुंदला नावाची हकीकत सांगितली. माझ्या सासऱ्यांच्या, धर्मराजांच्या, आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून ते जन्मले तेव्हा जुन्या रीतीने त्यांना उकिरड्यावर ठेवलं, गावातल्या तुळजाबाईने उचललं आणि कचरू नाव दिलं. मूल जगलं की उचलणारीला सूपभर ज्वारी आणि लुगडं-चोळी द्यायची. मग ती म्हणते, लेकरू तुमचं. तोवर ते तिचं. पण मुलगा जगला आणि त्याच्या वडिलांना त्या नावाची लाज वाटली. नाव बदललं, सूप गेलंच नाही. सासूबाईंनी हे मला चुलीपाशी सांगितलं होतं.

शिमग्यापर्यंत पार्थ आपण होऊन आंघोळीला जाऊ लागला. उन्हाळ्यात त्याने कॉलेजला फोन केला. हाक आता येत नाही, म्हणाला. हे औषधांनी झालं, वेळेवर झालं, आणि त्याचं श्रेय मी दुसऱ्या कोणालाही देणार नाही. गोळ्या चालूच राहतील.

"मग आता ज्वारी कशाला?" मुकुंदने विचारलं.

"आजारात नेली असती तर उतारा झाला असता. आता नेली तर देणं होईल. आणि पोरगं जाईल ते आपलं म्हणून जाईल."

कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे निघालो. तुळजाबाईच्या नातसुनेचा, दैवशालाचा, पत्ता मुकुंदने काढला होता. गोदावरीच्या काठी पत्र्याचं घर. ती अंगणात सरकी निवडत होती. माझी तिची कधी भेट झाली नव्हती.

"लई जल्दी आल्या, माय," ती बारीक, खणखणीत आवाजात म्हणाली. "आमची आजेसासू वाट पाहून गेली, सासू गेली. म्या म्हणलं आता काय येत न्हाई कोणी."

"उशीर आमचा. पदर पसर."

मी सूप रिकामं केलं. लुगडं-चोळी तिच्या हाती दिली. तिने ज्वारी कपाळाला लावली.

"लेकरू तुमचं," ती म्हणाली. "देणं फिटलं."

मग तिने पार्थच्या डोक्यावर हात ठेवला.

तिचे डोळे मिटले.

"जा रं, कचरू," आवाज जड होता, म्हातारा होता. "तुह्या घरी जा."

आणि धाप.

मी सूप घट्ट धरून उभी राहिले. पार्थ खाली मान घालून शांतपणे हसत होता. दैवशालाने डोळे उघडले, ज्वारीचा पदर सावरला आणि आपल्या बारीक आवाजात विचारलं, "चहा ठेवू का, माय?"

परतताना मुकुंद गाडी चालवत होता. पार्थ माझ्याशेजारी बसून उद्याची बॅग कशी भरायची ते बोलत होता. मध्येच थांबला.

"आजी, त्या मावशी चांगल्या होत्या. पण डोक्यावर हात ठेवून इतका वेळ गप्प का उभ्या होत्या?"