सातवा खळगा

ताऱ्याचा प्रकाश दहा हजारात आठ भागांनी उतरला, साडेचार तास तसाच राहिला आणि पुन्हा चढला. चढताना मात्र दहा मिनिटं एकाच पातळीवर थबकला. आलेखाच्या रेषेवर एवढीशी पायरी.

तिने चष्मा पुसून पाहिलं. पायरी होतीच.

ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा प्रकाशात असा खळगा पडतो, हे नवशिक्यांच्या पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात लिहून ती मोकळी झाली होती. दुसरं प्रकरण सहा महिने अडलं होतं. शोधणाऱ्यांची नजर तपासायला निरीक्षणांच्या आकड्यांत मुद्दाम खोटे खळगे मिसळतात आणि त्यांची यादी शेवटी उघडतात, हे त्यात सांगायचं होतं. ते मिसळायचं काम तिचंच. अकरा वर्षांपूर्वी तिने असे सहा खळगे मिसळले. यादी उघडायच्या आधीच आताच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या मोठ्या भावाने, त्यातला एक खरा ग्रह म्हणून जाहीर केला. मग हार, मुलाखती, खुर्ची. आईने हात धरून सांगितलं, "त्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय गं." ती गप्प बसली. पडताळा घेण्याआधीच जुनी दुर्बीण बंद पडली. यादी तिने फाडून टाकली.

नवी दुर्बीण सुरू झाली तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. आता तिथे काहीच दिसणार नाही. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

आणि आज त्याच ताऱ्यावर हा खळगा. पायरी तर तिच्याच चुकीची होती. रचताना एक आकडा हातून दोनदा टाइप झाला होता.

"काय गं, पुस्तिका देतेस, की माझ्या निरोप समारंभात वाचायची?" दादा मागे येऊन उभा होता. पडद्याकडे पाहून तो हरखला. "बघ! आला की नाही वेळेवर? बसली सगळ्यांची दातखीळ!"

"ही पायरी कसली?"

"असेल एखादा चंद्र. दुसऱ्या प्रकरणात हेच उदाहरण घाल. माझं नाव मथळ्यात नको हं, उगाच मिरवल्यासारखं दिसतं. तळटीपेत चालेल." हसत हसत तो आपल्या खोलीत गेला.

खोटे खळगे मिसळलेल्या बाकीच्या पाच ताऱ्यांच्या नव्या नोंदी तिने उघडल्या. पाचही खळगे जागच्या जागी होते.

बाहेर लख्ख ऊन होतं. तिने पाचही पुन्हा एकदा तपासले.

सातवा खळगा तिने कधी मिसळलाच नव्हता. तो फक्त घरच्या वहीत होता, तोही अर्धवट. उतरण लिहून झाली आणि दादाच्या ग्रहाची बातमी सांगायला आईचा फोन आला. चढण लिहायची राहून गेली.

तिने तो तारा उघडला.

प्रकाश उतरला होता. नऊ दिवस झाले, वर आला नव्हता. तिने लिहिलं होतं तेवढंच आकाशात घडलं होतं.

आता काहीच अर्धवट ठेवायचं नव्हतं. ती उठली. त्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ऑफिसात ती त्याला सर म्हणत असे.

"दादा, तो ग्रह मी रचला होता. दुसऱ्या प्रकरणात मी तसंच छापणार आहे."