रहाटाच्या खांबावरची सावली

वारा पडला की आई दिसायची आणि वारा सुटला की नाहीशी व्हायची. असं का होतं, हे चित्रूला काही केल्या उमगत नव्हतं.

आई चंद्रावर होती. तिथल्या तळावरून तिचं बोलणं आधी पृथ्वीवरच्या मोठ्या केंद्रात यायचं, तिथून उपग्रहाकडे जायचं आणि उपग्रहाकडून चित्रूच्या घरी. जूनमधल्या वादळाने किनाऱ्यावरची इंटरनेटची तार आणि मोबाइलचा मनोरा दोन्ही लोळवल्यापासून हाच एक मार्ग उरला होता. म्हणून बाबांनी तबकडी (उपग्रहाचे संदेश झेलणारी, पसरट वाटीसारखी अँटेना) आणली आणि बसवली कुठे, तर बागेतल्या सगळ्यात उंच माडाच्या शेंड्यावर. नारळ पाडणारा त्यांचा यंत्रमानव खारोबा सरसर वर गेला आणि झावळ्यांच्या मधोमध ती आवळून आला. नारळ-सुपारीच्या बागायतदाराला उंच म्हटलं की माडाशिवाय दुसरं काही सुचतच नाही.

तेव्हापासून आई तुकड्यातुकड्यांनी भेटत होती. अर्धं हसू, एखादं "जेवलीस का", आणि मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. येत्या रविवारनंतर तेही बंद होणार होतं. आईची तुकडी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला रेडिओ दुर्बीण उभारायला निघाली होती. तिथे पृथ्वीची कुजबुजही पोचत नाही आणि दुर्बिणीसाठी ती शांतता जपायची असते, म्हणून मार्चपर्यंत घरच्यांशी बोलणं नाही. रविवारचा फोन शेवटचा. त्यात तरी आई सबंध मिळावी, एवढंच चित्रूला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने शेजारच्या आत्याआजीला गाठलं. आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. उपग्रहांवर नजर ठेवण्यात तिचा जन्म गेला होता. बाबांनी तिला आधी विचारलं नव्हतं, कारण काहीही विचारलं की आधी ती हसते.

ती हसलीच. म्हणाली, "उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर लांब आहे. माडावर चढून तुम्ही त्याच्या किती जवळ गेलात गं?"

मग तिने पपईचं एक पान तोडलं, त्याचा पोकळ देठ चित्रूच्या डोळ्याला लावला आणि समोरच्या माडावरचा एकच नारळ त्यातून बघायला सांगितलं. चित्रूचा हात जरासा हलला मात्र, नारळ गायब.

तबकडीचं अगदी असंच असतं, आजी सांगू लागली. आपला उपग्रह भूस्थिर आहे (पृथ्वीबरोबर तिच्याच वेगाने फिरणारा, म्हणून आपल्याला आकाशात एकाच जागी वाटणारा). तबकडीने त्या एका जागेकडे टक लावून बसायचं. ती एक अंश जरी कलली, तरी तिची नजर तिकडे वर सहाशे किलोमीटर भलतीकडे जाते. आणि माड तर वाऱ्यात चांगला हातभर झुलतो. मोबाइलच्या मनोऱ्याला उंची लागते, कारण त्याला डोंगर-घरांच्या वरून बघायचं असतं. उपग्रह मुळातच डोक्यावर आहे. तबकडीला दोनच गोष्टी लागतात: बूड घट्ट हवं आणि नजरेच्या वाटेत काही आडवं नको.

घट्ट जागा शोधता आली असती. पण वाट मोकळी कुठे? बागेत माड आणि पोफळी इतक्या दाट, की आभाळाच्या नुसत्या चिंध्या दिसत. त्यात उपग्रह डोळ्यांना दिसत नाही. आजी दिशा मोजायचं जुनं यंत्र शोधायला उठली, तेवढ्यात चित्रूने मनातलं दुसरं कोडं सांगून टाकलं. दोन-तीन दिवसांपासून वारा नसतानासुद्धा बाराच्या जरा आधी पडदा मुंग्यांनी भरतो आणि थोड्या वेळाने आपोआप निवळतो.

"पण त्या वेळी तर आईचा फोन नसतो. तुला कसं कळलं?"

चित्रू खाली बघत म्हणाली, "माझी शाळा दुपारची असते. सकाळभर मी पडदा चालूच ठेवते. चुकून तिने मधेच फोन केला तर?"

या वेळी आत्याआजी हसली नाही. तिने चित्रूला जवळ घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं. मग म्हणाली, "पोरी, तूच तर उत्तर शोधून ठेवलंयस."

सूर्य रोज आपली वाट थोडी बदलतो, आजीने समजावलं. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो काही दिवस, काही मिनिटं, बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. सूर्यातूनही रेडिओलहरी निघतातच. त्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. याला म्हणतात सूर्यव्यत्यय (सूर्यामुळे संदेशात येणारा अडथळा).

"म्हणजे तेव्हा सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत," चित्रू सावकाश म्हणाली. "मग तेव्हा जिथे ऊन पडेल, तिथून उपग्रहाची वाट मोकळी असणार!"

त्याच दिवशी चित्रूच्या घरी पडद्यावर मुंग्या आल्याबरोबर दोघी बागेत धावल्या. घराच्या पत्र्यावर सावली, गोठ्यावर सावली, पोफळींखाली उन्हाचे कवडसे, तेही हलते. ऊन सलग पडलं होतं ते फक्त विहिरीवर, आणि तिच्या काठावरच्या जुन्या रहाटाच्या चिरेबंदी खांबावर. रहाट केव्हाच मोडला होता, पण खांब वादळातही हलला नव्हता. बागेतली ही सगळ्यात सखल जागा, त्यामुळे तिचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

तबकडी खाली बसवायची म्हटल्यावर खारोबा गोंधळला. "खाली चढू?" त्याने दोनदा विचारलं.

बाबांनी शनिवारी खांबावर लोखंडी नळी बोल्टांनी आवळली. आजीने ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) धरून ती सरळ करवून घेतली, कारण नळी तिरकी असली तर तबकडी बाजूला फिरवताना वर-खालीही सरकते. बाराच्या आधी, काल मुंग्या आल्या होत्या त्याच वेळी, चित्रूने तबकडी हळूहळू वळवली. तबकडीच्या नाकाची (लहरी गोळा करणाऱ्या पुढच्या भागाची) सावली बरोबर मध्यावर आली, म्हणजे तबकडी थेट सूर्याकडे आणि म्हणून उपग्रहाकडेही बघू लागली, तशी तिने थांबायला सांगितलं आणि बाबांनी नट घट्ट केले.

रविवारी संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला. माड झुलत होते आणि पडद्यावर आई होती, आख्खी, कपाळावरच्या तिळासकट.

"किती दिवसांनी सबंध दिसतेस गं," आईच म्हणाली.

चंद्रावरून उत्तर यायला दोन-तीन क्षण लागतात. एरवी चित्रूला ते नकोसे होत. आज त्या क्षणांतही आई नुसती बघत असलेली दिसत होती, म्हणून ते संपू नयेत असं तिला वाटलं. पण फोन संपला. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली.

आता रोज बाराच्या आधी ती विहिरीवर जाते. नाकाची सावली मध्यापासून रोज थोडी वर सरकते आहे. काही दिवसांनी ती तबकडीबाहेर जाईल. थंडी सरता सरता पुन्हा काठाशी येईल, आणि मार्चमध्ये एके दिवशी मध्यावर येऊन टेकेल. आईही तेव्हाच बोलणार आहे.

काल खारोबाने विचारलं, तबकडीत तर आवाज नाही, मग तू इथे काय ऐकतेस?

"ऐकत नाही रे," चित्रू म्हणाली. "आई किती जवळ आली ते बघते."