थंडीत बॅटरी जाते

बंद करायचं बटण कुठलं, असं विचारलंस ना आत्ता? थांब जरा. आधी ते शटर अर्धं खाली ओढ, आर्यन. सोनल, तू तो स्टूल घे, त्याला ऑइल लागलेलं नाही. साडेआठ झालेत. स्पितीला तुम्ही परवा निघणार, आज तासभर इथे बसलात तर तिकडचा बर्फ काही वितळत नाही. दोन्ही हेल्मेटांत इंटरकॉम बसवलेत, आवाज जुळलेत. राहिलं ते हे एक बटण. ते मी कोणाला दाखवत नाही. डब्यात कंपनीचं पुस्तक आहे, त्यात बघून घ्या.

का दाखवत नाही ते ऐका. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. हसायचं असेल तर शेवटी हसा.

इथून चौथा गाळा देवेशचा होता. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायचा. उत्तम त्याच्याकडे सुपरवायझर. दोघं कळव्याच्या एकाच चाळीत वाढलेले, एकाच बाकावर बसून दहावी झालेले. आधी दोस्त, मग मालक आणि नोकर. अशा दोस्तीत काय होतं ते तुम्हाला अजून कळायचंय. मालक म्हणेल ती पूर्व, आणि वर म्हणायचं की आम्ही भावासारखे.

देवेशच्या डोक्यात खूळ शिरलं. म्हणे जर्मनीत भर हिवाळ्यात बाइकवाल्यांची जत्रा भरते, बर्फात तंबू ठोकून राहतात, तिथे जायचं. म्युनिकला गाड्या भाड्याने घ्यायच्या, आठ दिवस ऑस्ट्रियाच्या डोंगरांतून फिरायचं आणि जत्रेला पोचायचं. मी म्हटलं, अरे मे महिन्यात जा की. तर मला म्हणतो, "मे महिन्यात कोणीही जातं, दौलतकाका."

उत्तमला थंडीचं वावडं. डिसेंबरात माळशेजला गेलो तर हा शेकोटी सोडून हलायचा नाही. पण देवेशला नाही कसं म्हणणार? मग त्याने तयारी काय केली असेल? भिवंडीला एका ओळखीच्या माणसाचं कोल्ड स्टोरेज होतं. रोज संध्याकाळी जाऊन बटाट्याच्या गोण्यांवर अर्धा तास बसायचा, जॅकेट घालून, हेल्मेट घालून. तिथले हमाल त्याला चहा आणून द्यायचे आणि हसायचे. आम्हीही हसायचो. त्याच्या आईने, कलावतीबाईंनी, लोकरीचे हातमोजे विणून दिले. ते आत घालायचे, वरून चामड्याचे. आता दोन मोजे एकावर एक घट्ट बसले की बोटं आवळतात, रक्त फिरत नाही, उलट हात लवकर गार पडतात. हे त्या बाईला आजवर कोणी सांगितलेलं नाही. तेवढं एक पुण्य आम्ही केलं.

इंटरकॉम मीच बसवले, ह्याच टेबलावर. जुळवून बघायला देवेश गाडी घेऊन निघाला आणि उत्तम इथे हेल्मेट घालून बसला. त्याची एक सवय होती. काहीही बोलायच्या आधी विचारायचा, "देव्या, ऐकतोयस ना?" तिकडून देवेश ओरडायचा, "अरे ऐकतोय, बोल ना पुढे." दर वेळी. फोनवरसुद्धा तसंच. नाक्यापर्यंत जाऊन येईपर्यंत वीस वेळा विचारलं असेल.

गेले दोघं. फोटो यायचे मला. रस्त्यावर मीठ टाकतात तिकडे, बर्फ वितळावा म्हणून. गाड्या पार पांढऱ्या झालेल्या. उत्तमचं नाक लाल, डोळ्यांत पाणी, तरी अंगठा वर.

दोन हजार तेवीसची तीस जानेवारी, सोमवार. ऑस्ट्रियातल्या एका घाटात, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, अंधार पडताना, उत्तमची गाडी घसरली. देवेश पुढे होता. उत्तम गाडीसकट रस्त्याच्या खाली गेला. पाय गाडीखाली अडकला. तेवढंच. डोकं शाबूत, छाती शाबूत. रात्री बर्फ काढायच्या गाडीवाल्याला तो सापडला. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, थंडीने मेला.

देवेश त्याला घेऊन आला अकराव्या दिवशी. सगळ्यांना एकच सांगायचा. उत्तमच्या हेल्मेटातल्या मशीनची बॅटरी गेली, म्हणून हाक ऐकू आली नाही. मला वाटलं तो मागून येतोच आहे.

तेराव्याला चाळीत गेलो होतो. माणसं बसलेली. कलावतीबाई जुन्नरकडच्या, कळव्यात येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोलणं गावचंच. सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "दौलतभाऊ, ते यंत्र तुमी बसवलं व्हतं. खरं सांगा. थंडीत बॅटरी मरती का?"

देवेश समोर बसलेला. माझ्याकडे बघत होता.

आता ऐका, मला काय माहीत होतं. ती बॅटरी दहा तासांची. थंडीत दोन तास कमी धरा. आणि त्याच दिवशी दुपारी उत्तमने मला फोटो पाठवलेला, पेट्रोल पंपावरच्या हॉटेलात सूप पितानाचा. टेबलावर दोन्ही हेल्मेट, दोन्ही चार्जिंगला लावलेली. हे मला माहीत होतं. माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं.

मी म्हणालो, "मरते, आई. थंडीत जाते बॅटरी."

म्हाताऱ्या बाईला कशाला अजून त्रास, असं म्हणालो मनाशी. खोटं बोलणाऱ्याला नेहमी दुसऱ्याचीच दया येते. खरं म्हणजे देवेश माझं बावीस वर्षांचं गिऱ्हाईक होता आणि मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

त्या म्हणाल्या, "म्हंजी वरडला तरी कुणाला ऐकू गेलं नसंल. बरं. कुणी ऐकून सोडलं नाय ना, येवढंच हवं व्हतं मला."

वर्ष गेलं. बाईंनी देवेशकडे एकच मागणं धरलेलं. पोराच्या डोक्यातलं हेल्मेट मला आणून दे. देवेश टाळत राहिला. ते त्याच्या ऑफिसात कपाटावर पडून होतं. शेवटी बाईंनी निरोप धाडला, तिथी अजून लांब आहे, पण तारखेला तरी आण. तारीख त्यांच्या डोक्यात बसलेली.

दोन हजार चोवीसची तीस जानेवारी, मंगळवार. रात्री नऊला देवेश इथे आला. हातात उत्तमचं हेल्मेट.

"काका, यातला इंटरकॉम काढून दे. काकूला नुसतं हेल्मेट देतो."

"का? असू दे की."

"भाचा आहे तिचा, कॉम्प्युटरवाला. चार्ज करून बघेल."

डिसमिस घेतला, स्क्रू काढले. बटण दाबून बघितलं, मशीन मेलेलं. वर्षभर चार्जिंग नाही, मरणारच. आतून वायरी ओढून काढल्या. मग मात्र तोंडातून गेलंच.

"देवेश, बॅटरी गेली नव्हती."

तो त्या स्टुलावर बसला. ज्यावर तू बसलीयेस, सोनल. मग म्हणाला, "मी बंद केलेलं. माझ्याकडून. सारखं आपलं, हात गेले रे, थांब रे, ऐकतोयस ना, ऐकतोयस ना. अंधार पडत होता, मला गाव गाठायचं होतं. डोकं फिरलं. म्हटलं गावात गेल्यावर चालू करू. चाळीस मिनिटं लागली. हॉटेलात शिरलो, जॅकेट काढलं, कॉफी मागवली. लय थंडी होती, काका. मग विसरलो."

विसरलो म्हणाला. मी त्याला शिवी तरी द्यायला हवी होती. मी म्हणालो, "जा आता, म्हातारी वाट बघत असेल."

पावणेदहाला तो गेला. स्वतःच्या डोक्यात स्वतःचं हेल्मेट, उत्तमचं पिशवीत. मशीन राहिलं इथे, ह्या टेबलावर. दोन वायरी, टोकाला दोन चपटे स्पीकर आणि बोंडाएवढा माईक. गॅरेजात मी एकटा. रात्रपाळीच्या कंपन्यांचा आवाज येत होता, तो नेहमीचाच.

सव्वादहाला मी हात धुवून शटर ओढायला उठलो.

मशीनवर निळा दिवा लागला.

मी उभा राहिलो. नंतर हिशेब केला, तिकडचे पावणेसहा म्हणजे आपल्याकडचे सव्वादहा. तेव्हा काही सुचलं नाही. स्पीकरमधून बारीक आवाज आला. वारा. मग देवेशचा आवाज.

"कोण?"

तो कळव्याच्या पुलावर असणार. इथून सहा किलोमीटर तरी. हे मशीन मोकळ्या रस्त्यावर एक किलोमीटर चालतं.

"कोण आहे?"

मग काही नाही…

"उत्तम…?"

तो कोणाला तरी उत्तर देत होता. त्याला ऐकू जाणार ते ह्या माईकमधून जाणार. माईक माझ्यासमोर. हातभर लांब. आणि मी तोंड उघडलेलं नव्हतं.

"ऐकतोय… ऐकतोय रे…"

इथे आवाज नाही. काही नाही. फक्त माझ्या तोंडातून वाफ निघाली. ठाण्यात. माझा श्वास मला दिसत होता.

"थांबतो… हे बघ… थांबलो…"

माझ्या डाव्या हाताला, टेबलापाशी, कोणीतरी उभं होतं. मी वळलो नाही. मी माईककडे बघत राहिलो. त्यात एक शब्द बोलता आला असता. देवेश, मी इथे आहे, घाबरू नको. किंवा, उत्तम, माफ कर. एक शब्द.

नाही बोललो.

मग नुसता वारा… मग तोही नाही.

साडेबाराला देवेश परत आला. डोकं उघडं. पुलावर थांबून बटण दाबलं, दाबून धरलं, मशीन बंद होईना, तेव्हा त्याने आपलं हेल्मेट खाडीत फेकलेलं. तसाच चाळीत गेलेला. त्याने सांगितलं ते असं.

कलावतीबाई जाग्याच होत्या. त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं, पदराने पुसलं. मग पदर मागे सारला आणि ते डोक्यात घातलं. सत्तरीची बाई. देवेशला वाटलं, रडतील. त्या हलल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मशीन त्यात नव्हतं. मशीन इथे होतं, माझ्यासमोर, निळं. देवेश म्हणाला, त्या मधूनच मान हलवत होत्या. एकदा म्हणाल्या, "बोल बाळा, हाय मी." अर्धा तास गेला. जास्तच गेला. हा दाराशीच उभा.

मग त्यांनी हेल्मेट काढलं. देवेशकडे बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "चाळीस मिंटं बोलला. आधी तुला थांब म्हणला. मग शिव्या घातल्या. मग माझ्याशी बोलत बसला. तू बंद केलंस."

चाळीस मिनिटं ही गोष्ट फक्त मला आणि देवेशला माहीत होती. मलाही त्याच रात्री कळलेली.

देवेश पाया पडायला गेला, तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "जा. आन त्या दौलतला सांग, मरत नाय म्हणावं."

एवढंच. पोलिसांत गेल्या नाहीत, चाळीत कोणाला बोलल्या नाहीत. माणसं अजून त्यांना भेटली की म्हणतात, काय करणार, बॅटरीच गेली. त्या ऐकून घेतात. देवेशने गाळा विकला. डोंबिवलीला बहिणीकडे असतो. फोन आला तर स्पीकरवर लावून लांब ठेवतो, कानाला लावत नाही. मी कळव्याला पुन्हा गेलो नाही. दोन वर्षं झाली, मधे फक्त एक पूल आहे, तरी गेलो नाही.

हसलात नाही. ठीक आहे.

सोनल, तो खालचा ड्रॉवर ओढ. वरचा नाही. फडक्यात गुंडाळलेलं आहे, काढ बाहेर. सोड फडकं. दिसला निळा? त्या रात्रीपासून असाच आहे. मी चार्जिंगला कधीच लावलेलं नाही.

आर्यन, तू उलटं करून बघ. मागचं झाकण नाही त्याला. मी त्याच रात्री उघडलेलं. देवेश गेल्यावर मला वाटलं, हे बंद केल्याशिवाय घरी जायचं नाही. बोट घालून बघ, आतली खोबण रिकामी आहे.

बॅटरी त्या तंबाखूच्या डबीत आहे.