उत्तनचा निळा पोपट

दुर्बिणीतून आभाळ बघत चालणारी मुलगी सरळ लॉयडने बोंबील सुकवायला बांधलेल्या बांबूंच्या वलांडीत घुसली. दोन सुके बोंबील तिच्या केसांत अडकले, आणि लॉयडचं काळीज... तेही तिथंच कुठेतरी.

"सॉरी हां! ते... इथे म्हणे निळा पोपट असायचा. आता नामशेष झालाय. खरंच होता की थाप, कुणालाच माहीत नाही!"

ही निशिगंधा. शहरातल्या पूनम सागर वसाहतीत राहणारी, पक्ष्यांपायी वेडी. लॉयड जन्मापासून उत्तनचा, पण असला पोपट त्याच्या कानावरही नव्हता. आता 'न्हाय' म्हटलं तर ही चालली! झालं, जीभ घसरली.

"हाय तर! आमच्या घरात पीससुद्धा हाय."

पीस होतं, हे मात्र खरं. मरियामातेच्या सणाला ॲलिसआत्याने आपला पाळलेला पोपट मातेच्या झग्याशी मॅचिंग व्हावा म्हणून चक्क कपड्यांच्या निळीत बुचकळला होता! त्याचंच एक पीस तसबिरीमागे खोचलेलं. लॉयडने ते तिच्या हातात ठेवलं.

मग काय! दर रविवारी बाईसाहेब उत्तनला हजर. ती ताडांच्या शेंड्यांवर पोपट शोधायची, हा तिला न्याहाळायचा.

"अरे, झाडाकडे बघ ना!"

"बघतोय की..."

"लबाड! झाड तिकडे आहे."

आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या आमच्या पक्षीवाल्या ग्रुपसमोर पीस दाखवणार. निळा पोपट होता, ठासून सांगणार!"

खरं सांगावं तर ही कायमची जाणार. गप्प बसावं तर चारचौघांत हिचं हसं होणार.

"निशी, थांब... ते पीस निळ्या पोपटाचं न्हाय. आत्याने नीळ लावलेली. तू परत यावीस म्हणून मी... मला काय त्या शिव्या घाल, पण उद्या तोंडघशी पडू नकोस."

निशिगंधाने पर्समधून डबी काढली. आत पीस — हिरवंगार!

"पहिल्याच दिवशी घरी जाऊन पाण्यात बुडवलं होतं. उद्या काही दाखवायचं नाहीये."

"अगं, मग येत कशाला होतीस?"

"तू खरं कधी बोलतोस ते बघायला." तिचा आवाज हळवा झाला. "आज बोलला नसतास ना... तर परत आले नसते."

लॉयडला दरदरून घाम फुटला. "मग आणखी एक खरं ऐक. तू मला आवडतेस. जाम आवडतेस!"

"पुरावा?"

त्याने तिचा हात आपल्या धडधडणाऱ्या छातीवर ठेवला. ती लाजली, कान देऊन ऐकल्यासारखी थांबली.

"हं... हे काही नामशेष नाही बाई, जिवंत आहे," ती हसून म्हणाली, आणि हात काही तिने काढला नाही.