मागच्या खोलीत आर्डिस होती

मला सगळे थापाड्या म्हणतात. म्हणू देत. वीतभर मासा मी सांगता सांगता हातभर करतो, हे खोटं नाही.

पण ही गोष्ट माझी नाही. वर्न हाउगेनची आहे. आणि वर्नला थाप मारता येत नाही. पत्ते खेळताना हातात चांगलं पान आलं तरी त्याचे कान लाल होतात.

हे सगळं त्यानं मला सांगितलं, तेव्हा त्याचे कान लाल नव्हते.

ओठ पांढरे पडले होते.

जूनचा महिना. नेवाडातला टोनोपाहून ईलीला जाणारा रस्ता. आणि रात्र-बित्र काही नाही...

भर दुपार.

वर्न आणि त्याची बायको आर्डिस मूळचे नॉर्थ डकोटाचे. नोकरी संपल्यावर त्यांनी घर विकलं आणि मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, संसार मांडला. थंडीभर ॲरिझोनात आमच्या शेजारी मुक्काम, ऊन तापलं की उत्तरेला कूच. त्या वर्षी निघायलाच उशीर झाला होता. वाळवंट नुसतं भट्टीसारखं पेटलं होतं.

त्यांच्या मोटरहोमच्या मागे एक छोटी कार जोडलेली असायची. ती मागे असली की गाडी फक्त पुढे जाते. मागे घ्यायला गेलं तर कारची चाकं आडवी होतात, जोडणीचा दांडा मोडतो. वळायचं तर मैदानाएवढी जागा लागते.

म्हणून थांबून निघताना त्यांचा एक नेम होता. आर्डिस वॉकीटॉकी घेऊन कारच्या मागे उभी राहायची. वर्न ब्रेक दाबायचा, डावा-उजवा दिवा लावायचा. ती सांगायची, "लागतोय." सगळं ठीक असलं की म्हणायची, "चल." मग मधल्या दारानं चढून थेट मागच्या खोलीत जाऊन आडवी व्हायची. घाटात तिला मळमळायचं.

वर्न मागे वळून बघायचा नाही. कोणी चढलं की गाडी किंचित हलते. तेवढं पुरे असायचं.

त्या दुपारी ते गुरांच्या एका कोरड्या हौदापाशी जेवायला थांबले. चीज घातलेले पाव, बटाट्याचं सॅलड. आसपास माणूस नाही, झाड नाही.

"हौदात पाणी असतं तर पाय बुडवले असते," आर्डिस म्हणाली.

"तुझे पाय बुडवल्यावर गुरांनी कुठे जायचं?"

"म्हाताऱ्या, रात्री जेवायला माझ्याकडेच यायचंय तुला. जीभ आवर."

हसत ती वॉकीटॉकी घेऊन खाली उतरली.

"ब्रेक... लागतोय. डावा... लागतोय. उजवा..."

मध्येच खरखर झाली.

मग आवाज आला.

"चल."

दार वाजलं. गाडी किंचित हलली. मागच्या खोलीचं सरकतं दार लागलं.

वर्ननं आपला वॉकीटॉकी पुढच्या फळीवर ठेवला आणि गाडी काढली.

बराच वेळ सरळ रस्ता. फोनला रेंज नाही. त्या रस्त्यावर नसतेच.

मागून पंपाची घरघर आली. मोटरहोममध्ये नळ सोडला की टाकीचा पंप सुरू होतो.

"तहान लागली वाटतं?" वर्न ओरडला.

"हं."

पंप चालूच राहिला.

थांबला...

पुन्हा चालू झाला.

"अगं, टाकी संपवशील! ईलीपर्यंत पुरवायचंय."

नुसती घरघर... आणि मध्ये मध्ये घोट घेतल्याचा आवाज.

चढ लागला. इंजिन धापा टाकायला लागलं. वळणामागून वळणं घेत गाडी वर वर चालली. खाली अख्खं खोरं पसरलेलं दिसायला लागलं.

आणि फळीवरचा वॉकीटॉकी खरखरला.

त्यांचा वॉकीटॉकी सपाटीवर दोन-तीन मैलांपलीकडे चालत नाही. पण डोंगरावरून मध्ये आडोसा नसला की लांबचंही पकडतो.

"...वर्न..."

त्याला वाटलं दुसरं कोणी असेल.

"वर्न... कुठे चाललास रे? मी इथंच आहे. हौदापाशी."

आर्डिसचा आवाज.

वर्नचे हात स्टिअरिंगवर गोठले.

"सँडलमध्ये खडा गेला म्हणून वाकले... 'थांब' म्हटलं तुला. आणि तू निघून गेलास. खूप ऊन आहे वर्न..."

मागच्या खोलीत पंप घरघरत होता.

वर्ननं बटण दाबलं. "आर्डिस? तू... तू मागे आहेस ना?"

"मागे कुठे? तू सोडून गेलास मला!"

आणि पाठीमागून, दाराआडून, तोच आवाज आला.

"कोणाशी बोलतोयस?"



गाडी थांबवता येईना. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे कार. वळायला जागा नाही. मागे घेता येत नाही. पुढेच जायचं होतं... तिला मागे घेऊन.

"वर्न, चक्कर येतेय," वॉकीटॉकी म्हणाला.

आर्डिसचं हृदय नाजूक. गोळ्या गाडीत. पाणी गाडीत.

"ते बंद कर," मागून आवाज आला. "त्याला उत्तर देऊ नकोस. वर्न, ती मी नाही."

"मग तू कोण?" वर्न ओरडला.

"असं काय विचारतोस रे?"

आणि ती रडायला लागली. आर्डिस रडते तसंच. आधी नाक ओढून, मग हुंदका गिळून.

खिंडीच्या माथ्यावर एकदाची मोकळी जागा आली. वर्ननं गाडी उभी केली. मागे गेला. सरकतं दार हातानं ढकललं...

पलंगावर ती होती.

भिंतीकडे तोंड करून. खांद्यापर्यंत पांघरूण, त्या उकाड्यात. उशीवर तिचे पांढरे केस. ओले.

"दार लाव," ती म्हणाली. "ऊन येतंय."

हात पुढे करून खांद्याला धरून फिरवायचं, एवढंच करायचं होतं. ते त्याच्यानं झालं नाही.

पुढून वॉकीटॉकीचा आवाज आला. अगदी क्षीण. "...वर्न..."

वर्ननं दार लावलं. गोळ्या घेतल्या, फ्रिजमधली पाण्याची बाटली घेतली. बाहेर येऊन त्यानं कारची जोडणी सोडली. आयुष्यात कधी इतक्या घाईनं सोडली नव्हती. तेवढ्यात मोटरहोमची मागची खिडकी आतून वाजली.

हलकेच. बोटाच्या पेरांनी.

"वर्न... मला सोडून जाऊ नकोस ना..."

त्यानं वर पाहिलं नाही. कार सुरू केली आणि घाट उतरला.

हौदाच्या सावलीत आर्डिस बसली होती. चेहरा लालबुंद, हातात वॉकीटॉकी. त्याला बघून म्हणाली, "आलास? मला वाटलं दुसरी शोधलीस."

वर्न तिच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. बाटली तिच्या हातात दिली, गोळी पुढे केली.

"मग घेते," ती म्हणाली.

परत चढ चढताना त्याचं लक्ष गेलं. बाटली तिच्या मांडीवर तशीच होती. झाकणही उघडलेलं नव्हतं.

"पी ना गं."

"तहान नाहीये."

सबंध दुपार त्या उन्हात बसलेली बाई.

वर्न काही बोलला नाही. मी असतो तर मीही बोललो नसतो.

माथ्यावर मोटरहोम तिथंच होतं. मधलं दार सताड उघडं. वर्न आत गेला. मागच्या खोलीत कोणी नाही. पांघरूण खाली पडलेलं, उशी ओली. नळ सुरूच, पंप कोरडा ओरडत होता. निघताना भरलेल्या टाकीत थेंब उरला नव्हता.

बाहेर धुळीत पावलं उमटली होती.

अनवाणी. पायऱ्यांपासून निघून, रस्ता सोडून, काटेरी झुडपांतून ती खाली खोऱ्याकडे गेली होती.

हौदाच्या दिशेनं.

वर्न सोडून गेला म्हणून कोणी त्याच्या मागे चालत निघावं... तशी.

तो दहा-बारा पावलं उतरला. हाक मारायला तोंड उघडलं. पण नाव कोणतं घ्यायचं? आर्डिस तर वर कारपाशी उभी होती.

"वर्न," ती म्हणाली. "चल. तिकडे काही नाही."

ऊन कललं होतं. खाली मैलोन् मैल काहीच हलत नव्हतं.

वर्ननं कार जोडली. गाडी काढली. आणि निघाला.

याला आता बरीच वर्षं झाली. आर्डिस मजेत आहे. पत्त्यात मला हरवते, वर टोमणे मारते. मी तिच्याकडे नीट बघून घेतलं आहे, काहीसुद्धा वेगळं दिसत नाही.

पण दर जूनमध्ये वर्न तंबाखूचं निमित्त काढून माझ्याकडे येतो. माझा फोन मागतो आणि तिकडच्या जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत लावतो. हळू आवाजात एकच विचारतो, त्या खोऱ्यात कोणी म्हातारी बाई सापडली का? पांढरे केस, अनवाणी?

ते म्हणतात, नाही.

मग तो फोन माझ्या हातात देतो. घरी जायला उठतच नाही.