नऊशे साठ

ग्लुटाथिओन मोजायचं म्हणजे पिवळा रंग मोजायचा. रक्ताचा लाल भाग खाली बसवायचा, वरच्या पाण्यात औषध टाकायचं, नळी यंत्रात ठेवायची. रंग जितका गडद, तितका आकडा मोठा. अकरा वर्षं मी आणि माझी बायको प्रयोगशाळेत एकाच टेबलावर हेच करत होतो. यंत्र बरोबर चालतंय ना, हे बघायला रोज सकाळी धडधाकट माणसाचं रक्त लागतं. ते आमचंच. एक दिवस तिचं, एक दिवस माझं, आणि काढायचं एकमेकांनी. माझ्या हातावर पट्टी चिकटवताना ती एक कोपरा आत दुमडायची, म्हणजे ओढताना केस उपटू नयेत. एवढा मोठा माणूस आणि लहान पोरासारखा कोकलतोस, म्हणायची.

नव्या मुलींना ती समजावून सांगे, की ज्या प्राणवायूवर आपण जगतो त्याच्याच ठिणग्या पेशींना जाळतात. घरात एक माणूस असतंच ना, पुढे होऊन सगळ्यांची बोलणी खाणारं? ग्लुटाथिओन तसं. ठिणगी स्वतःवर घेतं, दमतं. शरीर त्याला पुन्हा उभं करतं, की परत पुढे. मी म्हणायचो, म्हणजे आमच्या घरात मीच. ती डोळे वटारायची.

ती गेली डोक्यात रक्तस्राव होऊन, सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता. सात महिने झाले. माझं खाणंपिणं सुटलं. आता स्वतःचं रक्त मी एका हाताने स्वतःच काढायचो, आणि माझा आकडा घसरून चारशेवर आला होता. असं रक्त यंत्र तपासायला काय कामाचं! तरी रोज मोजायचो.

मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी डीप फ्रीझर रिकामा करायला सांगितला. तळाशी तिच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली नळी निघाली. तिच्या शेवटच्या सकाळच्या आदल्या दिवशी मीच काढलेलं रक्त. फेकवेना. एकदा मोजून बघितलं: नऊशे साठ. वहीतही त्या दिवशी नऊशे साठच होतं. गोठवलेलं टिकतं, ठीक आहे. पण फ्रीझर रिकामा करायच्या गडबडीत नळी रात्रभर बाहेरच राहिली. शरीराबाहेर, उबेत, ग्लुटाथिओन काही तासांत संपतं. तिथे त्याला पुन्हा उभं करणारं कोणी नसतं. तरी दुसऱ्या दिवशी मोजलं, नऊशे चाळीस.

आणि माझं, चारशे वीस.

मी यंत्र उघडून पुसलं, औषध नवं केलं, तीनतीनदा मोजलं. आठवडाभर तेच. तिचं उतरे, माझं चढे. मला झोप लागायला लागली. मॅडम म्हणाल्या, "चेहऱ्यावर रंग आलाय तुमच्या."

मला बरं व्हायचं नव्हतं. मला ती नळी पिवळी राहायला हवी होती. तिचं एवढंच उरलं होतं माझ्याकडे. नळी परत गोठवली, उपयोग झाला नाही. मग वाटलं, मी घेतलंच नाही तर ती देणार कुठून? दोन दिवस पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी तिचा आकडा एकदम दोनशेनं घसरला.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी जितका जळेन, तितकी ती पुढे होणार. जन्मभर तेच केलं तिनं, आणि मी म्हणत होतो, मीच!

त्या दुपारी डबा उघडून टेबलाशी जेवलो. एकेक घास पाण्याबरोबर ढकलला. "बघ, खातोय," मी नळीला म्हणालो. "आता पुरे कर. राहू दे थोडंसं."

रोज जेवलो. वेळेवर झोपलो. तिचं उतरणं मंदावलं, पण थांबलं नाही.

शुक्रवारी सकाळी आधी माझं रक्त काढलं, पट्टी दाबली, मग तिची नळी घेतली. औषध टाकलं. रंग आलाच नाही. नळी पाण्यासारखी राहिली.

माझा आकडा आला नऊशे साठ.

किती वेळ रडलो कोण जाणे. मॅडम दारापर्यंत येऊन परत गेल्या.

मग हात धुवायला उठलो. हातावरची पट्टी ओढली आणि सवयीने दात आवळले.

दुखलं नाही. एकही केस उपटला नाही.

एका हाताने मला कोपरा दुमडता येत नाही. पट्टीचा कोपरा आत दुमडलेला होता.