पुढचं डावं अंग

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण भरे गावात कुशाबा मिस्त्रीला बघूनच निघाली असावी. लेकीच्या सुपारीला कोळवणहून पाहुणे आले होते, विडे फिरत होते, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, पावसाआधी लग्न उरका, नाहीतर वरातीची गाडी चिखलात रुतंल. झालं. कुशाबा ताठ बसला आणि म्हणाला, "माजी रत्ना बैलगाडीतनं न्हाई यायची. मोटारीतनं यील. अमेरिकन मोटारीतनं."

मुलाचे वडील हैबतराव कमी बोलणारे. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बघू की," म्हणाले.

त्या 'बघू की'नं कुशाबाची झोप उडवली. मोटार आली नाही तर गाव हसेल, ते तो पचवणार होता. पण रत्नाचं काय? भाकरी करपली की "मोटारीतली ना तू," कालवण खारट झालं की "मोटारीतली ना तू." बापाच्या एका वाक्याचं ओझं लेकीनं जन्मभर वाहायचं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. साल होतं एकोणसाठ, मुहूर्त वैशाखातला आणि हातात तीन महिने.

मोटार होती, म्हणजे असल्यासारखी होती. पुण्यातल्या एका वकिलाच्या गाड्या दोन वर्षं सांभाळल्या म्हणून त्याला चाळीस सालची प्लायमाउथ मिळाली होती. चार पावसाळे ती वकिलाच्या बागेत चिखलात उभी. वरून कीर्तन, आतून तमाशा. वरचा पत्रा अजून चकाकत होता, पण खालचा लोखंडी सांगाडा, ज्याला मिस्त्री लोक चासी म्हणतात, असा गंजला होता की पाना मारला तर आवाज यायच्या आधी पापुद्रे पडत.

कुशाबा डरला नाही. लढाईच्या वर्षांत त्यानं खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात अमेरिकन ट्रक खोलून पुन्हा जोडले होते. तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला होता, एक पान्यांचा संच आणि एक तत्त्वज्ञान. गाडीत जे काही होतं त्याला कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा ढिलं असतं.

त्यानं आठ गडी बोलावले, बांबू घातले आणि वरचा सांगाडा उचलून गोठ्यात ठेवला. म्हशीनं दोन दिवस दूध दिलं नाही. उघडी चासी खळ्यात दगडांवर मांडून त्यानं काथ्या आणि रॉकेलनं गंज काढला. पुढं जिथं तुळई तडकली होती तिथं जाड पट्टी लाल करून रिव्हेट ठोकले. मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, तिकडून इकडं ताणली. दोन्ही सुतळ्या तंतोतंत सारख्या भरल्या तेव्हा त्यानं बायकोला, रंभाबाईला, हाक मारून दाखवल्या. रंभाबाईनं सुतळी बघितली, नवरा बघितला आणि म्हणाली, "पापड वाळवायला बरी हाय."

पुढच्या चाकांचं काम सगळ्यात नाजूक. चाकं धरणारे वरचे हात, खालचे हात, पिना, बुश आणि दोन बाजूंना मनगटाएवढ्या जाडीच्या दोन स्प्रिंग. पुण्याला जाऊन बुश कातून आणले, ग्रीस भरलं, इंजिन बसवलं, चाकं चढवली. गवंड्याची पाण्याची नळी लावून पाहिलं तर डावं-उजवं एका पातळीत. खालच्या हातावरच्या रबरापासून चासीपर्यंत उजवीकडं चार बोटं, डावीकडं चार बोटं. कुशाबानं मिशीला ग्रीस लावून घेतलं, इतका तो खूश होता.

जेवून आला तर डावीकडं दोनच बोटं.

ढिलं असेल, म्हणून त्यानं सगळं आवळलं. डावं अंग बसलेलंच. स्प्रिंग मऊ पडली असेल म्हणून डावी उजवीकडं घातली, उजवी डावीकडं. तरी डावंच खाली. दोन्ही नव्या आणल्या, तरी तेच. खालची जमीन खचली असेल म्हणून गाडी उलट तोंडानं उभी केली. आता पूर्वेचं अंग बसलं, कारण गाडीचं डावं आता तिकडं आलं होतं.

मग त्यानं उजव्या बाजूला भाताची पोती ठेवून पाहिली. दीड मण भात ठेवला तेव्हा नळीतलं पाणी दोन्हीकडं सारखं आलं. कुशाबा बराच वेळ त्या पोत्यांकडं बघत उभा राहिला. दीड मण म्हणजे एखाद्या किरकोळ माणसाचं वजन. डाव्या बाजूला, ड्रायव्हरशेजारी, जिथं अजून बाकडं नव्हतं, पत्रा नव्हता, नुसती हवा होती, तिथं कुणीतरी बसलं होतं.

ही गोष्ट तो कुणाला बोलला नाही. बोलणार काय, कपाळ?

रत्नाला मात्र न सांगता कळलं असावं. ती तांदूळ निवडायला घरात न बसता खळ्यात येऊन बसायची, चासीच्या पुढच्या टोकाशी. एकदा कुशाबा खाली आडवा होऊन पिनेला ग्रीस भरत होता. वरून तिचा आवाज आला.

"मला तितं कुणीच वळखीचं न्हाई. एकबी मानूस न्हाई."

"जावईबापू हायेत की," कुशाबा खालून म्हणाला.

"तुमाला न्हाई म्हनले, दादा."

कुशाबाच्या हातातली ग्रीसची तोटी घसरली. त्यानं बाहेर डोकं काढलं तेव्हा रत्ना तांदळातले खडे वेचत होती, आणि सूप तिनं असं धरलं होतं की समोरच्यालाही दिसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंभाबाईनं ओट्यावरून हाक दिली, "जेवाय चला!" आणि कुशाबाच्या नाकासमोर डावं अंग दोन बोटं वर उचललं. जेवण आटोपून तो धावत आला, तोवर पुन्हा बसलं होतं.

आता मात्र गप्प राहणं शक्य नव्हतं. त्यानं शेजारच्या कोंडिबाला बोलावलं. कोंडिबा मांत्रिक नव्हता, त्याहून कामाचा होता. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात मानपान तोच सांभाळायचा. कुठल्या मामाला टोपी, कुठल्या आत्याला खण, कोण कशावरून फुगलंय, सगळं त्याला तोंडपाठ. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, नळीतलं पाणी बघितलं, वाकून डाव्या चाकाकडं पाहिलं.

"हे भूतबीत काय न्हाई," तो म्हणाला.

"मी तेच म्हनतोय," कुशाबाला हायसं वाटलं.

"हे रुसलेलं पाव्हनं हाय."

"आँ?"

"आरं, दर लग्नात असतंय एक. वरातीच्या गाडीत आदीच जाऊन बसायचं, आनि मान दिल्याबिगर उठायचं न्हाई. गेल्या साली रिह्याला नवरदेवाचा चुलता दोन तास बसला हुता. जेवायला हाक मारली की उठतंय ना? मग! मानूसच हाय ते. तू अक्षता दिल्यात का त्याला?"

कुशाबानं कपाळावर हात मारला. खडकीच्या वर्कशॉपात असं काही शिकवलं नव्हतं. पण मुहूर्ताला नऊ दिवस राहिले होते, गाडी एका बाजूला कलती होती, आणि कलत्या गाडीतून उतरणारी रत्ना त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यानं मान डोलावली.

कोंडिबानं काम साग्रसंगीत केलं. चासीच्या डाव्या तुळईला कुंकू लावलं, नारळ ठेवला, टोपी ठेवली, पिवळ्या अक्षता टाकल्या. मग हात जोडून लग्नपत्रिकेतल्या खणखणीत भाषेत म्हणाला, "आमच्या येथे श्रीकृपेकरून चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रत्ना हिचा विवाह योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येणेचे करावे."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग डावं अंग सावकाश वर आलं. चार बोटं. कुशाबा पोरासारखा हसला. त्यानं नळी लावली, पुन्हा लावली, कोंडिबाला मिठी मारली.

रंभाबाई दारात उभी होती. "कोंडिबा भावजी," ती म्हणाली, "त्यांच्यात मानसं किती, ते इचारलंत का?"

"लगीनघरी मानसं मोजत न्हाईत, वैनी."

लग्न थाटात झालं. आठ दिवस गाडी तसूभर हलली नव्हती, वरचा सांगाडा चढवला होता, झेंडूच्या माळांनी मोटार नटली होती. एकच गोष्ट जराशी खटकली. शेवटच्या पंगतीत मधले पाट रिकामे दिसत होते, आणि वाढपी सांगत होते की तिथल्या पत्रावळी चाटून पुसून साफ. बुंदी तर चारलाच संपली. कोंडिबानं हात झटकले. "शुभ हाय," म्हणाला, पण कुशाबाच्या नजरेला नजर देईना.

वरात निघाली तेव्हा ऊन अजून तावात होतं. मोटार चालवणार कोण, तर कुशाबाच. लेकीच्या वरातीत बाप सारथी, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती, म्हणून चालवून घेतलं.

मागं रत्ना आणि नवरदेव वाल्मीक. पुढं एकटा कुशाबा. तिघं जण.

त्यानं क्लच सोडला आणि गाडी खाली बसली. डावीकडं नाही, सगळीकडं. मडगार्ड चाकांना घासू लागले. इंजिन धापा टाकायला लागलं. पौडापर्यंत तो पहिल्या गिअरात आला, ओझ्याची बैलगाडी आल्यासारखा.

"मामा," मागून वाल्मीकचा दबलेला आवाज आला. तो दाराला चिकटला होता, गुडघे छातीशी घेतलेले. "जरा सरकाय सांगा की."

"कुनाला?"

वाल्मीकनं मान वळवून बाजूला पाहिलं. त्याच्या आणि रत्नाच्या मधे हातभर जागा होती. पुढं कोळवण येईपर्यंत त्यानं गुडघे खाली सोडले नाहीत. रत्ना मात्र आरशात प्रसन्न दिसत होती. घर सोडताना रडलेली पोर ती हीच, हे सांगून पटलं नसतं.

कोळवणात अख्खं गाव रस्त्यावर आलं होतं. हैबतरावांनी मोटारीभोवती फिरून पाहिलं, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "आली की!" तीन महिने ज्या शब्दासाठी कुशाबा झटला होता, तो शब्द त्याला मिळाला. आता रत्नाला कुणी काही म्हणणार नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाल्मीक उतरला. रत्ना उतरली. गाडी जराशी हलली.

बस, जराशीच.

विहीणबाईंनी तुकडा ओवाळून टाकला. रत्नानं पायानं माप लवंडलं, आत पाऊल टाकलं, आणि थांबून मागं वळली.

"या," ती म्हणाली. "जपून. उंबरा उंच हाय."

तिच्या मागं कुणीच नव्हतं.

गाडीचं मागचं अंग उचललं. मग पुन्हा उचललं. स्प्रिंग एकेका हिसक्यानं सुटत होत्या, आणि दारात विहीणबाई पदर आवरून चौकटीला पाठ लावून उभ्या होत्या, वाट द्यावी तशा. कुशाबा मोजू लागला. मागून सहा. दोन बाकड्यांच्या मधून चार.

शेवटी राहिलं पुढचं डावं अंग. ते हललं नाही.

कुशाबानं शेजारच्या रिकाम्या बाकड्याकडं पाहिलं. बाप होता तो. त्यानं हात जोडले.

"एकटी हाय पोर," तो म्हणाला. "जपा."

डावं अंग सावकाश वर आलं.

विहीणबाईंनी दार लोटून घेतलं. आतून त्यांचा आवाज आला, पाहुण्यांच्या घाईत असतो तसा, नेहमीचा.

"आनखी अकरा पाट मांडा गं."